मुदतीच्या आत कळलेला कायदा

११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्याचा निकाल दिला. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क आहे आणि त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ ला, म्हणजे हिंदू उत्तराधिकार कायद्यातली दुरुस्ती अमलात आली त्या दिवशी, वडील हयात असण्याची अट नाही, हे त्यात ठरले. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत, नारायणगाव किंवा मंचरच्या बागायती पट्ट्यातल्या एखाद्या बहिणीला ही बातमी कळली असेल, तर तिच्या हाती खरोखरच काहीतरी आले. भावाने हक्कसोडपत्रावर सही मागितली तर ‘आधी विचारून येते’ म्हणण्याचे बळ आले. पण याच तालुक्यांच्या पश्चिमेला, आहुपे, तळेघर किंवा आंबोलीच्या बाजूला, महादेव कोळी वा ठाकर घरातल्या मुलीला तीच बातमी तशीच मिळाली असेल, तर तिची समजूत अर्धवट राहिली. त्या कायद्याच्या कलम २(२) प्रमाणे केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याखेरीज तो अनुसूचित जमातींना लागूच होत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये कमला नेती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी स्त्रीची मागणी याच कारणाने नाकारली आणि कायदा बदलण्याचा विचार करावा, असे केंद्राला सुचवले. जुलै २०२५ मध्ये राम चरण प्रकरणात त्याच न्यायालयाने एक पाऊल पुढे टाकले: स्त्रीला वगळणारी रूढी सिद्ध झाली नसेल तर तिला वाटा नाकारणे समानतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे, असे म्हटले. म्हणजे आहुपेच्या मुलीचीही बाजू आता भक्कम झाली आहे, फक्त तिचा रस्ता वेगळा आहे. मंचरच्या मुलीचा अर्ज तिने जसाच्या तसा उतरवून दिला तर तो टिकणार नाही.

कायदा देशाचा असतो, पण तो लागू होतो एका गावात, एका गटनंबरावर, एका कुटुंबाला. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत कायद्याने दिलेला हक्क हातचा जातो तो बहुधा दोन कारणांनी. एक तर त्याची बातमी मुदत संपल्यावर पोचते, नाहीतर ती आपल्या गावाला न लागू होणाऱ्या रूपात पोचते. या दोन्हींवर उपाय करू शकणारा माणूस तालुक्यातच आहे. घोडेगाव आणि जुन्नरच्या न्यायालयांत रोज उभा राहणारा, तहसील कचेरीच्या पायऱ्या रोज चढणारा वकील तो. स्थानिक कायद्याची बातमी आणि मदतीची ठिकाणे त्याने नियमितपणे, विनामूल्य, सोप्या मराठीत लोकांपर्यंत पोचवणे हे विधी सेवेचेच काम आहे. त्याला तसा दर्जा, जागा आणि थोडा पैसाही मिळाला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

या दोन तालुक्यांची घडणच अशी आहे की पुण्यामुंबईत लिहिलेली माहिती इथे अपुरी पडते. पूर्वेला कुकडी, मीना आणि घोड नद्यांच्या पाण्यावर ऊस, द्राक्षे, कांदा, टोमॅटो पिकतो. तिथले वाद बांधाचे, वाटपाचे, सामाईक विहिरीच्या पाळीचे आणि व्यापाऱ्याकडे अडकलेल्या पैशांचे. पश्चिमेला भीमाशंकरपासून नाणेघाट-माळशेजपर्यंत सह्याद्रीचा कडा, भातखाचरे आणि हिरड्याची झाडे. तिथली बरीच गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. घोडेगावला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे ते त्यामुळेच. तिथे १९९६ चा पेसा कायदा आणि त्याचे महाराष्ट्रातले २०१४ चे नियम चालतात. आदिवासी खातेदाराच्या जमिनीला जमीन महसूल संहितेचे कलम ३६अ लागू असल्याने शासकीय परवानगीवाचून ती बिगरआदिवासीला विकता, गहाण टाकता किंवा भाडेपट्ट्याने देता येत नाही. भीमाशंकर १९८५ पासून अभयारण्य आहे. मधल्या भागात डिंभे, माणिकडोह, वडज, येडगाव अशी धरणे झाली. जुने आंबेगाव डिंभ्याच्या पाण्याखाली गेले आणि तालुक्याला फक्त त्याचे नाव राहिले. धरणांबरोबर सातबाऱ्यावर पुनर्वसनाचे शेरे आले, तेही अजून कित्येकांना पुरते उमगलेले नाहीत. दाद मागायच्या जागाही विखुरलेल्या आहेत. दिवाणी दावा आणि फौजदारी खटला घोडेगाव किंवा जुन्नरला, अतिरिक्त जिल्हा व सत्र न्यायालय राजगुरुनगरला, महसुली अपील मंचरच्या प्रांत कार्यालयात, वनहक्काचा दावा आधी ग्रामसभेपुढे. ज्याला कुठे जायचे हेच माहीत नाही, त्याचे पहिले दोन महिने हेलपाट्यांत जातात.

हे दोन महिने का महत्त्वाचे, ते सातबाऱ्याच्या एका नोंदीवरून नीट दिसते. समजा, वडील वारले आणि थोरल्या भावाने वारसनोंदीचा अर्ज देताना बहिणीचे नाव लिहिलेच नाही. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गाव नमुना ६ मध्ये फेरफार धरतात. संहितेच्या कलम १५० प्रमाणे त्या नोंदीची प्रत चावडीवर लावावी लागते आणि ज्यांचा संबंध दिसतो त्यांना लेखी नोटीस द्यावी लागते. हरकतीसाठी १५ दिवस असतात. बहीण सासरी असते, अर्जात तिचे नाव नसल्याने तिला नोटीसच निघत नाही, आणि चावडीवरचा कागद वाचायला माहेरच्या गावी तिचे कोणी थांबलेले नसते. हरकत आली नाही म्हणून मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात. तीच हरकत पंधरवड्यात लेखी आली असती, तर प्रकरण विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत गेले असते आणि दोन्ही बाजू ऐकाव्या लागल्या असत्या. आता तिला कलम २४७ खाली प्रांताकडे अपील करावे लागते, त्याची मुदत ६० दिवस. तीही गेली तर विलंबमाफीचा अर्ज, त्याची कारणे, त्याच्या तारखा. मालकी फेरफाराने ठरत नाही, ती ठरवण्याचा अधिकार दिवाणी न्यायालयाचा आहे. पण कलम १५७ मुळे प्रमाणित नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी धरली जाते आणि हा भार त्या बहिणीवर पडतो. यातला एकही नियम गुप्त नाही. फेरफाराच्या नोटिसा आता ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात. माहेरच्या गावाचे नाव टाकून ते पान अधूनमधून पाहावे, एवढे एक वाक्य तिच्यापर्यंत वेळेत पोचले असते तर पुढची काही वर्षे वाचली असती.

असेच मुदतीचे गणित इतर दाव्यांत दिसते. टोमॅटो किंवा कांद्याच्या व्यापाऱ्याने दिलेला धनादेश वटला नाही, तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, पैसे देण्यासाठी त्याला १५ दिवस मिळतात आणि त्यानंतर महिनाभरात तक्रार दाखल करावी लागते. ‘पुढच्या आठवड्यात देतो’ यावर विश्वास ठेवून शेतकरी थांबतो आणि पहिलीच पायरी चुकते. शिवाय २०१५ च्या दुरुस्तीनंतर धनादेश ज्या शाखेतल्या खात्यात भरला त्या शाखेच्या हद्दीतल्या न्यायालयात तक्रार करता येते. व्यापारी वाशीचा असो की इंदूरचा, नारायणगावच्या शाखेत खाते असलेल्या शेतकऱ्याला जुन्नरला दाद मागता येते. हे ठाऊक नसल्याने परमुलखातल्या कोर्टाच्या धास्तीने कित्येक जण पैशावर पाणी सोडतात. वहिवाटीचा रस्ता अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. पुणे-नाशिक महामार्ग मंचर, नारायणगाव, आळेफाटा अशी दोन्ही तालुक्यांची पूर्व बाजू कापत जातो. त्या रस्त्यावर अपघात झाला तर १ एप्रिल २०२२ पासून नुकसानभरपाईचा अर्ज सहा महिन्यांत करण्याची अट आली आहे. त्या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण आव्हानाच्या भरवशावर स्वस्थ बसणे परवडणारे नाही. महामार्गासाठी जमीन जाणार असेल तर अधिसूचनेनंतर हरकतीला २१ दिवस असतात. ती अधिसूचना दोन वर्तमानपत्रांत छापली की कायद्याच्या लेखी सर्वांना कळली. या सगळ्यांत हक्क शेतकऱ्याच्या बाजूनेच असू शकतो. तो गमावला जातो दिनदर्शिकेमुळे.

जंगलाच्या बाजूला हे आणखी जाणवते. वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीला चार हेक्टरपर्यंतचा हक्क त्यात मिळतो, दावा फेटाळला तर कारणे लेखी कळवावी लागतात आणि वरच्या समितीकडे ६० दिवसांत दाद मागता येते. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना वनजमिनीवरून काढण्याचा आदेश दिला, आणि २८ फेब्रुवारीला स्वतःच तो स्थगित केला. ज्याच्या कानी यातली पहिलीच तारीख पडली, तो पिढ्यान्‌पिढ्या कसलेले खाचर सोडून देण्याच्या भीतीत राहिला असेल. दुसरी तारीख सांगणारे कोणी जवळ असते तर त्याने ६० दिवसांत दाद मागितली असती. बिबट्याचेही तसेच. जुन्नर वनविभागात उसाच्या शेतात बिबट्या वाढतो, त्याची पिले त्याच उसात जन्मतात, आणि त्याच्या हल्ल्यात माणूस दगावला तर मिळणारे आर्थिक साहाय्य शासनाने २५ लाख रुपयांपर्यंत वाढवले आहे. पण शेळी-वासरू मारले गेले तर ४८ तासांत वनखात्याला कळवणे आणि पंचनामा होईपर्यंत मेलेले जनावर जागेवरून न हलवणे ही अट पाळावी लागते. दुःखाच्या आणि दुर्गंधीच्या भरात माणूस ते पुरून टाकतो आणि भरपाईचा पुरावा त्याबरोबर जातो. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याचे नुकसान झाले, तेव्हा हिरडा मदतीच्या निकषांत बसत नाही म्हणून आदिवासींचे दावे अडकले आणि किसान सभेला त्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा करावा लागला. ही लढत चालू राहू शकली, कारण पंचनाम्याचे कागद आणि शासनाशी झालेला पत्रव्यवहार कोणीतरी जपून ठेवला होता.

यावर राज्यघटनेने उत्तर देऊन ठेवले आहे. १९७६ च्या दुरुस्तीने आलेले कलम ३९अ मोफत विधी साहाय्याची जबाबदारी राज्यावर टाकते. त्यासाठी १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो लागू झाला. प्रत्येक तालुक्यात न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली तालुका विधी सेवा समिती असते. या कायद्याच्या कलम १२ ची यादी या दोन तालुक्यांना लावून पाहिली तर चित्र थक्क करणारे आहे. उत्पन्न कितीही असो, प्रत्येक स्त्री पात्र आहे. अनुसूचित जाती-जमातीची प्रत्येक व्यक्ती, मुले, दिव्यांग, कोठडीतला आरोपी, औद्योगिक कामगार आणि आपत्तिग्रस्त पात्र आहेत. उरलेल्यांसाठी उत्पन्नाची मर्यादा महाराष्ट्रात वर्षाला ३ लाख रुपये आहे. म्हणजे जुन्नर-आंबेगावातली निम्म्याहून जास्त माणसे मोफत वकिलाला हक्काने पात्र आहेत. ३० जुलै २०१४ ला माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले, दीडशेहून अधिक माणसे गेली, तेव्हा वाचलेल्यांच्या घराबरोबर रेशनकार्ड, पासबुक, जमिनीचे उतारेही मातीत गेले. मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा, खात्यावरचे नाव यांशिवाय मदतीचा एक रुपया हलत नाही. अशा वेळी कलम १२ मधला आपत्तिग्रस्तांचा उल्लेख जगण्याचा आधार होतो, पण तो उल्लेख माहीत असेल तरच. हीच अडचण सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये सुकदास प्रकरणात ओळखली होती: ज्याला हक्कच ठाऊक नाही त्याने तो मागितला नाही म्हणून तो नाकारता येत नाही, कायद्याची साक्षरता हीच विधी साहाय्याची सुरुवात आहे. मोफत वकील देण्याची सोय आहे आणि ती आहे हे सांगण्याची सोय तोकडी आहे, हा दोष यातून स्पष्ट दिसतो.

अज्ञानाची किंमत पुणे जिल्ह्याने पूर्वी मोजली आहे. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात दख्खनच्या दंग्यांना सुरुवात झाली, तेव्हा शेतकऱ्यांनी सावकारांची खाती आणि कर्जरोखे हुडकून जाळले. ज्या कागदावर अंगठा उठवला त्यात काय लिहिले आहे हे त्यांना माहीत नव्हते, समन्स आले तरी कोर्टात काय म्हणायचे हे कळत नव्हते, आणि एकतर्फी हुकूमनाम्यांनी जमिनी जात होत्या. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांत जे उपाय केले, त्यांतले बरेच माहितीचेच उपाय होते. दस्त गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहायचा, न्यायाधीशाने व्यवहाराचा मागचा इतिहास तपासायचा, ऋणकोला समोर बोलावून विचारायचे आणि दाव्याआधी तडजोडीचा प्रयत्न करायचा. पुणे सार्वजनिक सभेचे संस्थापक गणेश वासुदेव जोशी हे स्वतः वकील होते. रयतेची स्थिती गोळा करून ती सरकारपुढे मांडणे आणि लवाद न्यायालये चालवणे ही कामे सभेने केली. वकिली आणि लोकशिक्षण वेगळे मानण्याची सवय नंतरची आहे. जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कचेरी-कोर्टात नागवल्या जाणाऱ्या कुणब्याची कहाणी सांगितली तीही याच काळात. खुद्द जुन्नर तालुक्यात, ओतूरला, १८८० च्या दशकात बाळाजी कुसाजी पाटील यांनी सत्यशोधक पद्धतीने, ब्राह्मण पुरोहिताविना घरचे लग्न लावले. ग्रामजोशांनी आपला हक्क बुडाला म्हणून दावा केला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि अखेर निकाल पाटलांच्या बाजूने लागला. त्या निकालाचा उपयोग एका घरापुरता नव्हता. पुरोहित न बोलावता विधी केला तर दक्षिणा द्यावी लागत नाही, हे ज्या ज्या गावाला कळले तिथल्या माणसाच्या पायातली बेडी तुटली. निकाल एकाला मिळतो. तो हजारोंचा होतो बातमीने.

वकिलाने हे काम करावे या मागणीवरचे आक्षेप गंभीर आहेत. पहिला वकिलांच्या आचारसंहितेतून येतो. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष जाहिरात करून पक्षकार मिळवता येत नाहीत. हा नियम योग्य आहे आणि राहिला पाहिजे, कारण तो गेला तर तालुक्यात सर्वांत मोठा फलक लावणारा वकील सर्वांत मोठा ठरेल. पण नियमाचा रोख पक्षकार ओढण्यावर आहे, माहिती देण्यावर नाही. २००८ मध्ये परिषदेनेच नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, शिक्षण आणि कामाचे क्षेत्र एवढाच मजकूर असलेल्या संकेतस्थळाला परवानगी दिली. सीमा आखणे अवघड नाही. या कामासाठी दर महिन्याला काढायच्या माहितीपत्रावर लेखक वकिलाचा फोन क्रमांक नसावा, जिंकलेल्या खटल्यांची यादी नसावी, आणि ते वकील संघटनेच्या किंवा तालुका विधी सेवा समितीच्या नावाने निघावे. त्यावर एकच क्रमांक असावा, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा १५१००. अशा पत्राने कोणाचे पक्षकार वाढले तर ते साऱ्या वकिलांचे वाढतील, आणि मुदतीच्या आत वाढतील.

दुसरा आक्षेप आपल्या म्हणींतच बसलेला आहे: शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. लोकांना कायदा सांगाल तर भाऊबंदकी वाढेल, बांधावरचे भांडण कोर्टात जाईल, अर्धवट ज्ञानाने माणूस बुडेल, अशी भीती ज्येष्ठ मंडळी बोलून दाखवतात. या म्हणीमागे पिढ्यांचा खरा अनुभव आहे. पण आज लोकांना कायदा ठाऊक नाही म्हणून कोर्टे ओस पडलेली नाहीत. दावे येतातच, फक्त उशिरा आणि बिघडलेल्या अवस्थेत येतात. पंधरा दिवसांत एका अर्जाने मिटली असती ती हरकत पंधरा वर्षांचा वाटपाचा दावा होऊन येते. माहिती असलेल्या माणसाला तडजोडीचे मोलही कळते. लोकअदालतीत झालेल्या निवाड्याला हुकूमनाम्याचा दर्जा आहे, भरलेले कोर्ट शुल्क परत मिळते आणि त्यावर अपील नाही. अपील नाही ही गोष्ट सही करण्यापूर्वी कळायला हवी, कारण दबावाखाली केलेली तडजोड नंतर सुधारता येत नाही. अर्धवट ज्ञानाच्या धोक्यावर उपाय पूर्ण ज्ञान, आणि जिथे ते कागदावर मावत नाही तिथे कोणाला विचारायचे याचे उत्तर.

तिसरा आक्षेप असा की आता सगळे मोबाइलवर आहे. न्यायालयाच्या सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांकावरून खटल्याची पुढची तारीख आणि आदेश कोणालाही पाहता येतात, डिजिटल सहीचा सातबारा घरी मिळतो, सर्वोच्च न्यायालयाचे निवडक निकाल मराठीतही येऊ लागले आहेत. हे खरे मोठे काम झाले आहे. पण मुलीच्या हक्काचे सुरुवातीचे उदाहरण आठवा. बातमी मोबाइलवर होती, अचूक होती, तरी आदिवासी मुलीसाठी अपुरी होती. पावसाचा अंदाज राज्यासाठी वर्तवला तर शेतकरी पेरणीचा निर्णय घेत नाही, तो आपल्या मंडळाचा अंदाज शोधतो. कायद्याच्या बातमीलाही तोच निकष लावावा. शिवाय फोनवर फिरणाऱ्या कायदेशीर संदेशांना ना तारीख असते ना जबाबदार नाव. रद्द झालेला शासन निर्णय दोन वर्षे फिरत राहतो. १९९८ पासून महाराष्ट्रातल्या कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरवलेली आहे, तरी अर्ज, आदेश आणि परिपत्रक यांची मराठी सामान्य माणसाला परकीच वाटते. ती उलगडून सांगायला त्या भाषेत रोज काम करणारा माणूसच लागतो.

चौथा आक्षेप गावाच्या लहानपणाचा आहे. तालुक्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. न्यायालयाची बातमी म्हणून कोणाच्या घटस्फोटाची चर्चा सुरू झाली, कोणा पीडितेची ओळख उघड झाली तर हानी भरून येणार नाही. त्यामुळे या पत्राचा पहिला नियम असा हवा की बातमी कायद्याची द्यायची, माणसांची नाही. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे आणि बालकांबाबत पॉक्सो कायद्याचे कलम २३ तेच सांगते. कौटुंबिक वाद पूर्ण वर्ज्य ठेवावेत. ‘आपल्या तालुक्यात वारसनोंदीवर हरकत कशी घेतात’ हे सांगायला कोणाचेही नाव लागत नाही.

शेवटचा आक्षेप सरकारकडे बोट दाखवतो: हे काम विधी सेवा समितीचे आहे, वकिलांनी ते फुकट का करावे? समितीचे आहे, हे मान्यच. पण समितीचे अध्यक्ष तेच न्यायाधीश असतात ज्यांच्यापुढे दिवसभर प्रकरणांची रांग असते, आणि शिबिरे होतात ती वर्षातून मोजक्या दिवशी. पॅनेलवरचे वकील आणि विधी स्वयंसेवक हेच समितीचे हातपाय आहेत. पण म्हणून त्यांना फुकट राबवून घेणे मला मान्य नाही. तालुक्यातल्या तरुण वकिलाची पहिली वर्षे कमाईच्या दृष्टीने बिकट असतात. महिन्याचे पत्र तयार करणाऱ्याला, ते तपासणाऱ्या ज्येष्ठाला, वाचून दाखवणाऱ्या स्वयंसेवकाला समितीने मानधन द्यावे आणि त्याची गणना विधी सेवा म्हणून करावी. एका अपिलात खर्ची पडणारा पैसा अशा किती पत्रांना पुरेल, हे कोणीही हिशेब मांडून पाहावे.

या कामाला नवी इमारत किंवा नवा कायदा लागत नाही. महिन्याला दोन्ही बाजूंनी छापलेला एक कागद पुरे. त्यात त्या महिन्यातल्या मुदती असाव्यात: कोणत्या भूसंपादनाची अधिसूचना निघाली, हरकतीची शेवटची तारीख कोणती, राष्ट्रीय लोकअदालत कधी, आणि २०२५ मध्ये सुरू झालेल्या जिवंत सातबारा मोहिमेसारखी मयत खातेदारांच्या वारसनोंदीची मोहीम कुठे चालू आहे. एक ताजा निकाल असावा, आणि तो पूर्वेच्या गावांना कसा लागू होतो व पश्चिमेच्या गावांना कसा, हे दोन परिच्छेदांत वेगळे सांगितलेले असावे. एक नमुना अर्ज असावा, हरकतीचा, माहिती अधिकाराचा किंवा वनहक्क अपिलाचा. हा कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर, सार्वजनिक वाचनालयात, बाजार समितीच्या आवारात आणि आश्रमशाळेत लागावा. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी ग्रामसभा आहेत. कायद्याप्रमाणे वर्षातून किमान चार घ्याव्याच लागतात आणि पेसा गावांत पाड्याचीही ग्रामसभा भरते. तिथे दहा मिनिटांचे वाचन विषयपत्रिकेवर कायमचे घ्यावे. प्रत्येक कागदावर तयार केल्याची तारीख, तपासणाऱ्याचे नाव आणि मागच्या अंकातली चूक दुरुस्त करणारा रकाना असावा. कायदा बदलतो, म्हणून कालची बरोबर माहिती आज चुकीची ठरू शकते. हे मान्य करणाऱ्या कागदावरच लोक विश्वास ठेवतील.

दरवर्षी ९ नोव्हेंबरला विधी सेवा दिन साजरा होतो, हारतुरे होतात, भाषणे होतात. यंदा जुन्नर आणि घोडेगावच्या वकील संघटनांनी आणि दोन्ही तालुका समित्यांनी त्या दिवशी पहिला कागद काढावा आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तो गावोगाव वाचला जावा. वर्षअखेरीस यश मोजायचे ते छापलेल्या प्रतींवरून नाही. १५ दिवसांच्या आत किती हरकती आल्या, ६० दिवसांच्या आत किती वनहक्क अपिले झाली, मोफत वकिलासाठी किती स्त्रियांनी अर्ज केला, हे आकडे समितीकडे आणि तहसीलकडे मागता येतात. ते वाढले तर मोफत विधी साहाय्याचा हक्क खऱ्या अर्थाने या डोंगरांपर्यंत पोचला, असे म्हणता येईल. ते वाढले नाहीत तर कागदाची भाषा बदलावी, वाचनाची जागा बदलावी, आणि काम पुढे चालू ठेवावे.